उकंडरावांच्या तळहाताखालची गाडी

उकंडराव कानांनी कमी आणि तळहाताने जास्त ऐकत. केनवडच्या मळ्यात विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी तीस वर्षं काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं. पण इंजिनावर हात ठेवला, की पंप पाणी ओढतोय की नुसती हवा, हे ते डोळे मिटून सांगत. आता कानात मशीन होती. तिने हॉर्न कळे, माणसांचं बोलणं कळे, इंजिनाची कुजबुज मात्र कळत नसे. ती हातालाच कळे.

विहिरीवर वीज आली, तशी त्यांनी एक वापरलेली मोटारगाडी घेतली. वांगी-मेथी भरून ते स्वतः वाशीमच्या बाजारात नेत. या गाडीला एक खोड होती. थांबून गिअर काढला आणि क्लचवरचा पाय उचलला, की डिझेल वाचवायला इंजिन आपोआप बंद होई; क्लच दाबला, की पुन्हा सुरू. गाडी शहाणीच. पण हाताला ते कसं कळावं? स्टिअरिंगची थरथर गेली, की उकंडराव म्हणत, "गचकली!" आणि किल्ली पार मागे फिरवत. मग ती खरोखरच बंद पडे. ही खोड थांबवायचं बटण होतं, पण किल्ली फिरवली, की गाडी बटण विसरून जाई.

गेल्या गुरुवारी बाजाराच्या वळणावर असं चारदा झालं. मागे एसटी अडकली, तिच्यामागे ट्रॅक्टर. लखनने, त्यांच्या मुलाने, घरी येताच किल्ली खिशात टाकली.

"बाबा, आता तुमी एसटीनं जात जा. माल मी नेतो."

उकंडरावांना सगळं चाललं असतं. किल्ली दुसऱ्याच्या खिशात चालत नव्हती.

"एक डाव साधनाले दाखवू," ते म्हणाले. "तिच्यानं नाई झालं त मी आपल्या मनानं सोडतो."

साधनाचं गॅरेज रिसोडच्या रस्त्यावर होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली.

"आबाजी, गाडी बिमार नाई. तिले जरा जास्तच अक्कल हाय. थोडी कमी करू."

तिने आधी बॅटरीला चार्जर लावला. मग स्टिअरिंगखालच्या खाचेत एक वायर खोचली आणि लॅपटॉप उघडला.

"गाडीच्या डोक्यात नवं लिहितानी वीज कमी-जास्त झाली त ते डोकं फिरते," ती म्हणाली. "आन् हे पहा, पहिले जुनं जसं हाय तसं उतरवून ठेवलं. आमच्या बापानं शिकवलं, नट खोलायच्या आधी खूण करावी. मंग कितीबी चुकलं तरी वापस येता येते. आता किल्ली चालू करा, पण इंजिन नका करू. दोन मिनिटं हातबी लावू नका."

"हव," उकंडराव म्हणाले.

पडद्यावर त्या खोडीपुढच्या 'चालू'चं 'बंद' झालं. हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. उकंडराव ड्रायव्हरच्या जागी बसून होते. एवढ्या वर्षांची सवय. हात आपोआप स्टिअरिंगवर गेला. थरथर नाही! पायाने क्लच दाबला, उजव्या हाताने किल्ली फिरवली. खर्रर्र!

पट्टी थबकली. समोर पिवळा दिवा लागला.

"बाबा!" लखन ओरडला. "काहून हात लावला? झालं, गेली गाडी!"

उकंडरावांचा चेहरा पडला. त्यांनी हात मांडीवर घेतले.

साधनाचा आवाज चढला नाही.

"काई गेली नाई. खूण कायले केली होती मंग? लखनभाऊ, चिल्लावू नका, थोडं पाणी आणा."

तिने उतरवून ठेवलेलं जुनं परत भरलं. दिवा विझला. मग तिने उकंडरावांना खाली उतरवून चार्जरवर त्यांचा तळहात ठेवला.

"हे गुणगुणते का?"

"हव."

"हे गुणगुणते तोवर माह्यं काम चालू हाय. थांबलं त मले आवाज द्या."

उकंडराव विहिरीवर बसत तसे बसले, डोळे मिटून. हिरवी पट्टी पुन्हा सरकू लागली आणि या वेळी शेवटापर्यंत गेली. साधनाने लिहिलेलं परत वाचून पाहिलं.

"झालं. थांबल्यावर थोडं डिझेल जास्त जाईन, ते सांगून ठेवते. आता जिथं चारदा बंद झाली तिथंच जाऊन पहा."

दुपारी गाडी वाशीमच्या त्या वळणावर उभी राहिली. पुढे हातगाडी आडवी, मागे एसटीचा हॉर्न. उकंडरावांनी गिअर काढला, पाय उचलला. लखन खिडकीबाहेर पाहत होता.

"बंद झाली काय, बाबा?"

"कानानं काय पायतं? हात दे इकडं."

त्यांनी लखनचा हात ओढून डॅशबोर्डवर दाबला. खालून बारीक थरथर येत होती. लखनने क्षणभर हात तसाच ठेवला.

"चालू हाय," तो म्हणाला.

"मंग?"

हातगाडी सरकली, गाडी निघाली. घरी पोचल्यावर उकंडरावांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकली. लखनने पाहिलं, हात पुढे केला नाही.

"उद्या मेथी किती वाजता भरून देऊ?" त्याने विचारलं.