तळहाताखाली

"दोनदा टोचून झालं, सिस्टर. आता आमाले सोडा." मथुराबाईने नातवाची दुपटी पिशवीत कोंबलीसुद्धा होती.

कांता बाळाचा उजवा हात तळहाताखाली धरून होती. हात हलतच राहिला.

तक्त्यात: ११.१०. उजवा हात. चाळीस सेकंद. धरून थांबला नाही. झटका.

बाळ दोन दिवसांचं. सून वरच्या वॉर्डात, टाके ओले. मुलगा कारखान्यात, ठेक्यावर. फोन लागत नव्हता. ठरवायचं मथुराबाईने. बाळाला झाडफुंकीसाठी न्यायचं होतं, तो खुर्सीपारचा बैगा संध्याकाळपर्यंतच भेटणार होता.

"झोपेची दवाई देऊन राहिले तुमी. मी घेतली असती त दोन दिवस उठली नसती. हे पोट्टं झटकेच देऊन राहिलं. कावून?"

"डोकं कोवळं हाये, मावशी. आपल्या मेंदूत एक निरोप फिरते, चूप बस. दवाई तोच निरोप जोरानं सांगते. पण नव्या पेशींत मीठ जास्त असते. त्याच निरोपानं त्या उठून बसतात. मीठ बाहेर टाकणं शिकाले त्यायले दिवस लागतात, असं डॉक्टर मॅडम सांगतात."

"म्हणजे बापावर गेलं. त्याले बी चूप म्हटलं का वरडते."

कांता हसली. "म्हणून साडेदहाले दुसरी दवाई लावली. ते दुसऱ्या रस्त्यानं जाते."

"थांबन पक्कं?"

"पक्कं नाही सांगता येत. पण इथून नेलं अन् रस्त्यात झटका आला, त सुई कोन देईन?"

तक्त्यात नाही: एकोणतीस वर्षांपूर्वी कांतानेही अशीच पिशवी भरली होती. दवाखान्यातून नेलेली तिची तान्ही मुलगी दुर्ग स्टेशनापर्यंतच पोचली. नाव ठेवायचं राहिलं होतं.

मथुराबाई स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर.

सव्वाबाराला बाळाचा हात पुन्हा हलू लागला. कांता पुढे झाली आणि थांबली.

"तुमी धरा. हात धुतलेच हायेत. हलकेच. धरून थांबलं त नुसती थरथर. नाही थांबलं त झटका."

"मी?"

"तुमी."

भाजलेल्या, भेगाळलेल्या तळव्याखाली ती मूठ दिसेनाशी झाली. दोघी तळव्याकडे बघत राहिल्या.

"सिस्टर, थांबलं वाटते."

तक्त्यात: १२.१५. थरथर. धरल्यावर थांबली. कोणी धरलं, याला रकाना नव्हता. कांताने समासात लिहिलं, आजी.

मथुराबाईने हात उचलला नाही. दुसऱ्या हाताने पिशवी उघडली आणि एकेक दुपटं बाहेर काढून ठेवू लागली.