काळ्या फडक्याखालची ज्वाला

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे-बिरे मला माहीत नाहीत. मी फक्त सूर्य पाहण्यासाठी बनले. साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जातो. माझ्या पोटात मात्र अशा काचा आहेत की सूर्याचा बाकी सगळा प्रकाश अडतो आणि एकच तांबडी छटा पुढे जाते. त्या छटेत सूर्याच्या कडेला उठणाऱ्या ज्वाला दिसतात.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. सुट्टीच्या सकाळी ते मला गच्चीवर मांडत, डोक्यावरून काळं फडकं घेत आणि उजवा डोळा लावत. शेजाऱ्यांना वाटे, यांची सर्दी काही जात नाही, सारखी वाफ घेतात. ज्वाला सापडली की ते मला कॅमेरा जोडत. एका कमानदार ज्वालेचा फोटो त्यांनी दुकानात लावला होता. गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेण्याआधी ते त्याला फोटो दाखवत.

पुढे त्यांना ज्वाला पुसट दिसू लागल्या. कॅमेऱ्याचा फोकसही ते त्याच डोळ्याने जुळवत, म्हणून फोटोही बिघडले. त्यांनी माझ्या काचा पुन्हा पुन्हा पुसल्या. दुसरा डोळा लावून पाहावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. दुर्बिणीला उजवा, घड्याळाच्या भिंगालाही उजवा. डावा अशा वेळी कायम मिटलेला.

शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगं, जरा बघ बरं. मला काही धड दिसत नाहीये."

काकू फडक्याखाली आल्या. त्या सकाळी सूर्याच्या कडेला भली मोठी ज्वाला उभी होती. एवढी मी कधीच दाखवली नव्हती. काकूंना ती लख्ख दिसली आणि बिघाड कुठे आहे तेही कळलं. नवऱ्याचा डोळा गेला म्हणजे दुकान गेलं. त्या बराच वेळ फडक्याखालून निघाल्याच नाहीत.

"मलाही नाही दिसत हो," त्या म्हणाल्या. "यंत्रच बिघडलंय."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. मी माळ्यावर गेले, एका फुटक्या बादलीशेजारी. खोटं सांगत नाही, मला वाईट वाटलं नाही, रागही आला नाही. काहीच वाटलं नाही.

खूप दिवसांनी काकूंनी मला खाली काढलं. दोघांच्या बोलण्यातून मला सारं समजलं. दुकानात चुका होऊ लागल्या, तेव्हा कुठे घड्याळजी डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्याचा पडदा वयामुळे खराब झाला होता. लवकर आले असते तर वाचला असता. डावा चांगला होता.

काकूंनी मला गच्चीवर मांडलं. "डावा डोळा लावा," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी फडकं ओढून घेतलं. एक लहानशी ज्वाला होती. त्यांना ती लख्ख दिसली.

"त्या दिवशीही होती का गं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"होती," काकू म्हणाल्या. "याहून मोठी होती."

वारा फडक्याशी चाळा करत होता. मग घड्याळजींनी त्याची एक कड उचलून धरली.

"ये आत. आता काय दिसतंय ते सांग मला."

काकू रडत रडत सांगत राहिल्या.

मित्रांनो, माझ्या काचा पुसा, झाकण लावा, एवढं तर कराच. पण आपल्या माणसाने 'तुला दिसतंय का?' असं विचारलं, तर दिसत असेल तेच सांगा.