जावयाचं हँडल

वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेला सगळे ‘जावई’ म्हणायचे. काम काही करायचं नाही, जागा मात्र ऐसपैस अडवायची, आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर थोरल्या सिस्टरना खपायचं नाही. पायथ्याशी ‘नादुरुस्त’ अशी पाटी लटकलेली. खरं तर खाट ठणठणीत होती. डोक्याकडची बाजू वरखाली करायचं हँडल तेवढं काढलेलं होतं, आणि ते सिस्टरांच्या कपाटात एका जुन्या स्वेटरात गुंडाळलेलं असायचं.

कारण साधं होतं. वॉर्ड भरलेला असताना अवचित कुणी धापा टाकत आलं, तर रिकामी खाट काही आभाळातून पडत नाही. मग सिस्टर कपाट उघडायच्या, हँडल बसवायच्या, पाटी उलटी करायच्या. वॉर्डबॉय मामा (केस पिकले, तरी हुद्दा बॉयचाच) दर वेळी तेच म्हणायचे, “लागले बाई जावईबापू कामाला!” पेशंटला जरा बरं वाटून तो दुसऱ्या खाटेवर गेला, की हँडल परत स्वेटरात. ज्यांनी हॉस्पिटल काढलं त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनाही हे माहीत होतं. राउंडला आले की जावयापाशी नुसतं खाकरायचे आणि पुढे जायचे.

आणि माहीत होतं भिंगरीला. भिंगरी सिस्टरांच्या भावाची मुलगी. आई नोकरीवर, बाप फिरतीवर, म्हणून शाळा सुटली की स्वारी थेट आत्याच्या वॉर्डात. जावयावर मांडी ठोकून गृहपाठ करायची. स्ट्रेचरची चाकं वाजली की दप्तर उचलून आपली आपण खाली उतरायची, कुणी सांगावं लागायचं नाही. शाळेत एकदा बाईंनी घरच्या माणसांबद्दल विचारलं, तर ही म्हणाली, “माझ्या आत्याचं लग्न नाही झालेलं, पण तिला जावई आहे. मोडका आहे.” बाईंनी तातडीने आईला बोलावून घेतलं होतं. त्या गोष्टीवर वॉर्ड पुढे कितीतरी वर्षं हसला.

भिंगरी शिकली, मॅनेजमेंट की काय ते झाली, आणि हॉस्पिटलांना सल्ले देणाऱ्या कंपनीत लागली. इकडे म्हाताऱ्या डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. मुलं परदेशात. त्यांनी हॉस्पिटल एका मोठ्या साखळीला विकलं. साखळी म्हणजे गावोगावी एकाच रंगाची, एकाच वासाची हॉस्पिटलं. नव्या लोकांनी आल्याआल्या खुर्च्या बदलल्या, पेशंटला ‘ग्राहक’ म्हणायला शिकवलं, आणि कारभार तपासायला सल्लागार बोलावले. त्या सल्लागारांत भिंगरी.

वॉर्ड धास्तावला होता. कुणाला काढणार, कुणाला कंत्राटावर टाकणार, रोज नवी आवई. सिस्टर मात्र निर्धास्त. “अगं, ती आपलीच आहे,” त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. “इथल्याच खाटेवर पाढे पाठ केलेत तिने.”

भिंगरी वॉर्डात आली की टॅबलेट हातात, पायात न वाजणारे बूट. पण रविवारी आत्याच्या घरी यायची ती नेहमीसारखी. स्वतःच्या किल्लीने दार उघडून, चपला भिरकावून, कान तुटलेल्या आपल्या जुन्या मगात चहा ओतून घ्यायची.

अशाच एका रविवारी तिने विचारलं, “आत्या, जावई आहे का गं अजून?”

“न असायला काय झालं? तुझ्यापेक्षा जास्त टिकाऊ आहे.”

“आणि हँडल? स्वेटरातच?”

“स्वेटरातच. अर्धा कसरीने खाल्लाय, अर्ध्यात भागवते.”

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. नंतर भिंगरीने मग खाली ठेवत विचारलं, “किती वेळा लागतो गं तो?”

“लागतो तेव्हा लागतो,” सिस्टर म्हणाल्या, आणि तिच्या बशीत आणखी एक बिस्किट टाकलं.

सल्लागारांचा अहवाल सांगायला वरच्या मजल्यावर मीटिंग झाली. पडद्यावर रंगीत खांब उभे राहत होते. भिंगरी बोलायला उठली तेव्हा सिस्टरांनी मामांना कोपराने ढोसलं. बघा, कशी ताठ उभी राहते!

“आपली खरी अडचण कमी खाटा ही नाहीच,” भिंगरी म्हणाली. “आहेत त्या खाटा आपण वापरत नाही. एका वॉर्डात एक खाट कित्येक वर्षं नादुरुस्त म्हणून पडून आहे. तिला झालंय काय, तर हँडल नाही. आणि ते हँडल त्याच वॉर्डातल्या कपाटात आहे.”

हास्याचा फवारा उडाला. साखळीचे साहेब तर टेबलावर हात आपटून हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी शेजारी पाहिलं, तर मामा त्यांच्याकडेच बघत होते, आणि ते बघणं ओळखीचं नव्हतं. एका क्षणात सिस्टरांना उमगलं, की मामांना वाटतंय हे आपणच सांगितलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते खरंच होतं.

जिन्यात त्यांनी भिंगरीला गाठलं.

“आत्या, मी तुझं नाव कुठेच घेतलं नाही हं.”

“नावाचं राहू दे. मला विचारायचंस तरी.”

“त्यांना प्रत्येक वॉर्डातली दोन-दोन माणसं कमी करायची होती. काहीतरी ठोस दाखवलं नसतं तर तुझ्या हाताखालच्या मुली गेल्या असत्या. खाट गेली, माणसं राहिली.”

“असेलही. पण विचारायचंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो,” सिस्टर म्हणाल्या.

वरून कुणीतरी भिंगरीला मॅडम म्हणून हाक मारली आणि ती गेली.

संध्याकाळी मिस्त्री हँडल बसवायला आला. सिस्टरांनीच स्वेटर उलगडून दिला. मामा दारात उभे होते, पण जावईबापूंचं नाव काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेले एक गृहस्थ आले. भला माणूस. त्याचा काय दोष? सिस्टरांनी त्याची चादर सारखी केली, उशी उंच करून दिली. हँडल लोण्यासारखं फिरत होतं.

पुढच्याच आठवड्यात एक टॅक्सीवाला छातीला हात लावून आला. वॉर्ड भरलेला. सिस्टर सवयीने कपाटाकडे वळल्या, दार उघडलं, आणि रिकाम्या स्वेटरावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. टॅक्सीवाल्याला व्हरांड्यात स्ट्रेचरवरच ऑक्सिजन लावला. येणारीजाणारी माणसं अंग चोरून त्याला ओलांडत होती, तो प्रत्येकाला “सॉरी हं” म्हणत होता. मग त्याला गाडीत घालून दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं. मामांनी तिकडे फोन लावून पाहिला. पोचलाय, एवढंच कळलं. तेवढंही त्यांनी सिस्टरना सांगितलं नाही, टेबलाकडे बघून सांगितलं.

रविवारी भिंगरी आली. चपला भिरकावल्या, स्वयंपाकघरात शिरली, तर आत्या म्हणाली, “तू बस. मी आणते.”

चहा आला तो काचेच्या कपाटातल्या फुलाफुलांच्या कपात. बशीसकट, ट्रेमध्ये. तो सेट फक्त पाहुण्यांसाठी निघायचा.

“माझा मग फुटला का?”

“नाही गं. आहे की.”

भिंगरीने कप दोन्ही हातांनी धरला. कुठे धरावा ते तिला कळत नव्हतं. “वॉर्ड काय म्हणतोय?”

“छान चाललंय.”

“मामा?”

“मजेत.”

“आत्या, भांड ना माझ्याशी. शिव्या घाल हवं तर.”

“कशाला? बिस्किट घे.” सिस्टरांनी बशी पुढे सरकवली. आपला आवाज इतका गोड येतोय हे ऐकून त्यांना स्वतःलाच हुडहुडी भरली. ओरडायचं त्यांच्या मनात खूप होतं, पण ओरडायला माणूस आपलं लागतं. समोर बसलेल्या पोरीच्या हनुवटीवर अजून तीच बारीक खूण होती, जावयावरून घसरून पडल्याची. टाके सिस्टरांनी स्वतः घातले होते.

भिंगरी निघाली तेव्हा त्या दारापर्यंत सोडायला गेल्या. आजवर कधी गेल्या नव्हत्या. भिंगरीने एकदा मागे वळून पाहिलं, आणि जिना उतरली.

नंतर सिस्टरांनी फुलांचा कप धुऊन, पुसून कपाटात ठेवला. मग तो कान तुटलेला मगही काढला, उगाच विसळला, आणि होता तिथेच परत ठेवला.

त्यापुढच्या रविवारी, नेहमीच्या वेळेला, दाराची बेल वाजली.

किल्ली तिच्याजवळ होती. तरी बेल वाजली. सिस्टर पदराला हात पुसत तशाच थांबल्या. बेल पुन्हा वाजली नाही. दारापलीकडे कुणीतरी मुकाट्याने उभं होतं, आतून उघडण्याची वाट बघत.