एकोणचाळीस वर्षं थांबलेली अंडपेशी

मी अंडपेशी बोलतेय. टाचणीच्या टोकाहून लहान आहे, पण मला कमी लेखू नका. माझी मालकीण बस चालवते. ती स्वतः तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच मी तिच्या अंडाशयात तयार झाले. लाखो बहिणी होतो आम्ही. बहुतेक जणी वाढण्याआधीच विरून गेल्या. मी मात्र माझं विभाजन अर्ध्यावर थांबवून एकोणचाळीस वर्षं ठाण मांडून बसले.

लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. खापर मालकिणीवर, म्हणजे पर्यायानं माझ्यावर!

एकदा नणंद म्हणाली, "वहिनी, दिवसभर बस हाकल्यावर दुसरं काय होणार? आता वयही उलटलं."

मालकिणीनं कप खाली ठेवला. "ताई, माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. तुमच्या भावाची एकही झालेली नाही."

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. तो ताडकन उठला. "माझी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"तेच बघू या. नाहीतर यापुढे मला कुणी एक शब्द बोलायचा नाही."

आठ दिवस त्यानं टाळाटाळ केली. नवव्या दिवशी तपासणीला गेला. शुक्राणू फारच कमी निघाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते रोज नवे बनतात, पण एकेकाला तयार व्हायला अडीच महिने लागतात. त्यांना उष्णता सोसत नाही. भट्टी सोडून बघा. खात्री मात्र देत नाही."

त्यानं भट्टी सोडली, काउंटर धरला. आणि बहिणीला स्वतःच सांगितलं, "ताई, उणं माझ्यात होतं. हिला बोलू नकोस."

चार महिन्यांनी माझा नंबर लागला. अडलेलं विभाजन पुढे सरकलं. निम्मी गुणसूत्रं एका बारक्या पेशीत घालून बाजूला टाकली, तेवीस ठेवली, आणि अंडाशय फोडून बीजवाहिनीत उतरले. हाताशी जेमतेम एक दिवस.

लोक म्हणतात, शुक्राणू शर्यत जिंकतो आणि अंडपेशी बक्षिसासारखी पडून असते. थापा! भट्टी सुटल्यानं आता कोट्यवधी निघाले, माझ्यापर्यंत आले मोजके. त्यांना वाट दाखवायला रसायनं सोडत होते ती मीच. एक जण माझं आवरण भेदून आत आला मात्र, मी ते असं घट्ट केलं की दुसऱ्याला फटही मिळू नये. राहिलेलं विभाजन तेव्हाच पुरं केलं. त्याची तेवीस, माझी तेवीस. शेहेचाळीस!

आता नऊ दिवस झालेत. एकीच्या शेकडो पेशी झाल्या आहेत, त्यामुळे 'मी' म्हणायलाही मी फारशी उरले नाही. कित्येक जणी इथवर येऊनही निसटतात. उद्या तसं झालंच, तर त्या बाईकडे बोट दाखवू नका. एवढंच मागणं.

तिला अजून पत्ता नाही. भरलेली बस घेऊन ती चढ चढतेय, गिअर बदलतेय. गचके बसताहेत. बसू देत. गर्भाशयाच्या भिंतीत मी मुळं रोवली आहेत.