एकोणीस तारखा

चाळणीताईंच्या हाताखालून खोटा आकडा सुटत नसे, म्हणून तर हे नाव पडलं. मागे एका घरात ऐंशी वर्षांचे आजोबा सात महिन्यांचे गरोदर नोंदले गेले होते. त्यांची सुटका ताईंनीच केली. आईपेक्षा वयाने मोठा मुलगा, पाच वर्षांची सासू, एकाच दिवशी दोन गावांत जन्मलेली पोर, अशी मंडळी ताईंच्या टेबलापर्यंत येत आणि तिथून निमूटपणे परत जात.

काम होतं बायका-मुलांच्या सर्वेक्षणाचं. बारा जणी टॅब घेऊन घरोघर जायच्या. मुलं किती, लसी कुठल्या टोचल्या, पाणी कुठून आणता, कोण जगलं, कोण गेलं, असं तास-दीड तास विचारायच्या. दिवस कलला की सगळ्या घरांची माहिती कार्यालयात येऊन पडायची. ताईंनी लिहिलेला संगणकाचा प्रोग्राम ती चाळायचा, आणि दर सोमवारी एक तक्ता निघायचा. बारा जणींचे बारा रकाने, शेजारी शेजारी. कोण काम करतंय आणि कोण झाडाखाली बसून उत्तरं रचतंय, ते त्या तक्त्यात आरशासारखं दिसे.

त्या सोमवारी साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जन्मून महिन्याच्या आत गेलेली बाळं. दोन, एक, तीन, शून्य, दोन... आणि सहाव्या रकान्यात एकोणीस.

"ताई, हे काय हो? एकाच बाईच्या वाट्याला एकोणीस?"

सहावा रकाना नर्समावशींचा होता. दवाखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारी, टॅबला अजूनही 'पाटी' म्हणणारी बाई.

"आणि तारखा बघा," साहेब म्हणाले. "दिवस, महिना, वर्ष, सगळं भरलंय. एकोणीसच्या एकोणीस. अठ्ठ्याण्णव एकही नाही."

अठ्ठ्याण्णव म्हणजे 'माहीत नाही'. आई म्हणते, "पावसाळ्यात झाला होता बघा, तारीख कुठली लक्षात," तेव्हा दिवसाच्या चौकटीत अठ्ठ्याण्णव लिहायचं. घरात खेळणाऱ्या, अंगाखांद्यावर बसलेल्या मुलांच्या नोंदींतही तिसरा हिस्सा अठ्ठ्याण्णवांनी भरलेला असे. आणि गेलेल्यांच्या तारखा मात्र अशा लख्ख?

"खोट्याला इस्त्री असते आणि खरं चुरगळलेलं असतं," साहेब म्हणाले. "हे माझं नाही, तुमचंच वाक्य. प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवलं होतंत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ठरलं ते असं. शुक्रवारपर्यंत ताईंनी सही करायची. सही झाली की मावशींची एकशे बारा घरं रद्द, त्या घरांवर दुसरी बाई जाणार, आणि मावशींचं नाव यादीतून कापलं जाणार, ते खोटारडी म्हणून. ती एकोणीस बाळं आपोआप पुसली जाणार होती, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मंगळवारी सकाळी डबा भरताना ताईंनी घरात विषय काढला.

"चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई खोटं लिहील?" सासूबाई म्हणाल्या.

"आकडे तसं म्हणतायत, आई."

"आकड्यांना काय तोंड असतं? सही करणारीनं एकदा डोळ्यांनी बघावं. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या नसतात."

ताईंचे यजमान मोजे शोधता शोधता म्हणाले, "माझ्या प्रगतीपुस्तकावर तर तू न बघताच सही करायचीस."

"म्हणून तर असा निघालास," सासूबाईंनी शांतपणे डब्याचं झाकण दाबलं.

ताईंना हसू आलं, पण बोल लागला तो लागलाच. त्या कार्यालयात गेल्याच नाहीत. तडक मावशींना गाठलं आणि त्यांच्याबरोबर पुढच्या घराच्या वाटेला लागल्या.

टायरच्या दुकानामागे एका खोलीचं घर होतं. दारात बादली, तिच्यात थेंब थेंब गळणारा नळ. आत एक बाई शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसली होती. मावशींनी तिची परवानगी विचारली, "या आमच्या कार्यालयातल्या ताई. बसल्या तर चालेल ना? नको असेल तर बाहेर बसतील, पाय काही झिजत नाहीत त्यांचे."

"बसू द्या की," बाई म्हणाली आणि अभ्र्यांची चळत सरकवून तिने जागा केली.

प्रश्न सुरू झाले. मुलं तीन. थोरल्याची तारीख तिला आठवेना; कपाटातल्या पिशवीतून कार्ड काढावं लागलं. मधल्याचं कार्ड उंदरांनी खाल्लेलं. "लिहा तुमच्या मनानं," बाई हसून म्हणाली. मावशींनी मनानं काही लिहिलं नाही. अठ्ठ्याण्णव लिहिलं. ताईंनी ते पाहिलं. आता त्या सावरून बसल्या.

मग तो प्रश्न आला. तो वाचायचा कसा, हे प्रश्नावलीत शब्दाला शब्द छापलेलं आहे. मावशींनी तो तसाच वाचला, पण एकेक शब्द हातात घेऊन, ओली पणती खाली ठेवावी तसा.

"जन्मल्यावर रडलेलं, हललेलं, आवाज केलेलं किंवा श्वास घ्यायला धडपडलेलं, पण थोडाच वेळ जगलेलं, असं एखादं बाळ झालं होतं का?"

"नाही," बाई म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं.

इथे 'नाही'वर बोट टेकायचं आणि पुढे जायचं. एक सेकंदाचं काम. मावशींनी टॅब उचलला, मांडीवर पालथा घातला, आणि त्यावर दोन्ही हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

मशीन चाललं. एक शिवण संपली. नळाचा थेंब पडला, पुन्हा पडला. दुकानातून हवा भरल्याचा आवाज आला आणि थांबला. ताईंना चुळबुळ होऊ लागली. विसरल्या की काय या? काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मावशींनी न बघताच हाताची दोन बोटं किंचित उचलली. ताईंनी तोंड मिटलं.

मशीन थांबलं.

"रडली नव्हती हो ती," बाई अभ्र्याकडे बघत म्हणाली. "फक्त हात हलवला. माझं बोट धरलं होतं. एवढंस्सं... त्याला काय जन्मणं म्हणतात का?"

"म्हणतात, बाळे," मावशी म्हणाल्या. "बोट धरलं म्हणजे आली ती. येऊन गेली."

बाईने चाकावरचा हात काढून घेतला.

"मग चार लिहा," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं असं. मी तीन सांगत आले."

मावशींनी टॅब उताणा केला. तारीख विचारली. तिघांच्या तारखांना अडखळलेल्या, कार्डं शोधणाऱ्या त्या बाईने क्षणही न घेता दिवस सांगितला, महिना सांगितला, वर्ष सांगितलं. वार कुणी विचारला नव्हता, तोही सांगितला. सकाळची वेळ होती म्हणाली, शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

"नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"नाव नसेल तर 'बाळ' लिहायचं असतं. लिहू?"

बाईने मान हलवली. मावशींनी नावाच्या चौकटीत दोन अक्षरं लिहिली. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा माणूस नकळत एक पाऊल मागे सरतो ना, तशा ताई बसल्या जागी मागे सरल्या. पंचवीस वर्षं त्यांनी हजारो घरांच्या ओळी चाळल्या होत्या. ओळ जन्माला येताना त्यांनी पाहिली नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, किती वेळ थांबता तुम्ही?"

"मोजत नाही हो. बाळंतपणात घाई केली की बिघडतं, तेवढं ठाऊक आहे." मावशींनी गुडघा चोळला. "का? पाटीत काही चुकलं का माझं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "माझं चुकलंय का, ते बघायचंय."

कार्यालयात येऊन त्यांनी घड्याळाची फाईल उघडली. टॅब प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ गुपचूप टिपून ठेवतो. ती फाईल कुणी सहसा उघडत नाही. त्या एका प्रश्नापुढे बारा जणींचे आकडे त्यांनी लावले. चार सेकंद. पाच. तीन. जिला सगळे 'विमान' म्हणायचे, जी रोज सर्वांत आधी घरं संपवायची, जिच्या रकान्यात शून्य होतं, तिला दोन सेकंद. दोन सेकंदांत तो प्रश्न वाचूनसुद्धा होत नाही. उत्तर कुठून येणार?

मावशींचे आकडे: एक मिनिट चाळीस. दोन मिनिटं दहा. एक मिनिट पंचावन्न. एकोणीस घरांतच नाही. जिथे 'नाही'चं 'नाही'च राहिलं, त्या घरांतसुद्धा. एकशे बारा घरं, आणि प्रत्येक घरात ही बाई पाटी पालथी घालून बसली होती. ताई त्या ओळींवरून बोट फिरवत खाली खाली गेल्या. कुठेही खंड नव्हता. एखाद्या म्हाताऱ्या जपकरिणीच्या माळेतून मणी सरकावेत, तशा त्या शांतता एकामागून एक सरकत होत्या, आणि कुणाला दाखवायला नव्हत्याच त्या.

बुधवारी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"सही?" साहेबांनी हात पुढे केला.

"सही करते, पण मावशींच्या रकान्यावर नाही. उरलेल्या अकरांवर."

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आपोआप घसरला. ताईंनी घड्याळाचे आकडे पुढे ठेवले आणि सांगितलं, मावशींनी एकोणीस जास्त लिहिले नाहीत. बाकीच्यांनी लिहायचे सोडले.

"अहो ताई, तेराशे घरं आहेत ती! सुतावरून स्वर्ग गाठताय तुम्ही. आणि त्या तारखा? इस्त्री केलेल्या?"

"ते वाक्य माझं होतं ना? ते मी परत घेते. चुकीचं होतं." "जे अंगणात खेळतंय, त्याची तारीख कार्डावर असते, साहेब. जे गेलं, त्याची दुसरीकडे कुठे ठेवणार ती? मी काल ऐकली. वारासकट."

साहेबांनी घड्याळाचे आकडे जवळ ओढले. मग म्हणाले, "वीस घरं. विमानाची, शून्यवाली. तुम्ही आणि मावशी पुन्हा जा. विसांत एकही निघालं नाही, तर शुक्रवारी मी सांगेन तिथे सही."

दोन दिवसांत वीस घरं झाली. तिसऱ्या घरात एक निघालं. अकराव्यात एक. सोळाव्या घरातली बाई आधी हसली, मग म्हणाली, "दोन. जुळी होती." ताईंनी स्वतः तारीख लिहून घेतली, एकच तारीख, दोनदा. शून्याच्या जागी चार. तीन आया, आणि तिघींपैकी एकीनेही अठ्ठ्याण्णव लिहायला लावलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. उंटावरून उतरायला माणसाला वेळ लागतो, पण ते उतरले. "मावशींची घरं आहेत तशी राहू देत," ते म्हणाले. "बाकी सगळ्या घरांत तो एक प्रश्न पुन्हा विचारायचा. सर्वेक्षण दोन महिने लांबलं तर लांबलं. वर मी बोलतो." आणि हलक्या आवाजात, "मावशींना सांगू नका हं, मी काय म्हणालो होतो ते."

सोमवारी अकरा जणींना एका खोलीत बोलावलं. शिकवायला मावशी. त्यांनी काही शिकवलं नाही. खुर्चीवर बसल्या, प्रश्न जसा छापलाय तसा वाचला, टॅब पालथा घातला आणि थांबल्या. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. कुणीतरी फिदकन हसून गप्प झालं.

"मावशी, थांबू नका ना," मागून आवाज आला. विमान. एरवी हिच्या जिभेला हाड नाही म्हणत, त्या विमानाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी म्हणूनच भरकन वाचते. थांबलं की... माझा कण्हला होता. एकदाच. गुरुवार होता. नव्हे, बुधवारच, गुरुवारी मला घरी आणलं."

शेजारणीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई," विमानाने डोळे पुसत विचारलं, "माझं घर आहे का हो यादीत?"

सर्वेक्षणाच्या घरांची यादी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघते. कुणाचं घर येईल, कुणाचं नाही. ताईंना ती पाठ होती.

"नाही गं."

"माहीत होतं. उगाच विचारलं." ती ओल्या तोंडाने हसली. मग खुर्ची सरकवत पुढे आली आणि ताईंच्या समोरच बसली. "तुम्ही घरातली बाई व्हा. मी विचारते. बघू तरी जमतंय का."

तिने टॅब उचलला. प्रश्न वाचला, रडलेलं, मग हललेलं, मग आवाज केलेलं, एकही शब्द न गिळता. आणि टॅब मांडीवर पालथा घातला.

"नाही," ताई म्हणाल्या. खरंच नव्हतं, त्यांची दोन्ही लेकरं देवाच्या कृपेने धडधाकट होती.

विमान हललं नाही. हात टॅबवर ठेवून, ताईंच्या तोंडाकडे बघत, ते थांबूनच राहिलं.