एका खणात तीन गोळ्या

सात खण, सात झाकणे आणि झाकणांवर पुसट झालेली सात अक्षरे, एवढाच माझा संसार. मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण चहा-साखरेच्या डब्यांशेजारी अंग चोरून बसलेली असेल. तिला जे कधी बोलता येणार नाही, ते मी आज सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आधी मी नुसते प्लॅस्टिकचे दाणे होते. यंत्राने मला वितळवले, साच्यात दाबले, गार केले आणि बाहेर टाकले. मग एका कामगार बाईने माझ्या झाकणांवर वार छापले. बुधवारच्या वेळी तिला नेमकी शिंक आली आणि माझा 'बु' जन्माचा तिरका झाला. त्यामुळे दुकानात मला कोणी उचलेना. शेवटी पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. "अक्षर वाकडं असलं म्हणून वार काय वाकडा जातो?" असे दुकानदाराला म्हणाल्या आणि मला पिशवीत टाकून घरी घेऊन गेल्या.

त्यांना त्यांची नात आजी म्हणते, म्हणून मीही आजीच म्हणते. आजींच्या तीन गोळ्या होत्या. रक्तदाबाची एक, साखरेची एक आणि हाडांसाठी कॅल्शियमची एक. त्यांचा नियम ठरलेला होता. सकाळी झाकण उघडायचे, सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि दुधाबरोबर गिळून टाकायच्या. "वेगवेगळ्या घेत बसलं की एखादी राहतेच," त्या म्हणत. "मूठ एक, घोट एक, काम संपलं." त्यांच्या गोळ्यांना तो नियम चालून गेला. शेजारपाजारच्या बायका मला हातात घेऊन बघत आणि म्हणत, "काय बाई सोय आहे." मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही? मी तर फुलून जायचे.

माझी जागा फोनच्या शेजारी होती. आजींची लेक परदेशात राहायची. तिचा नवरा मालमोटार चालवायचा आणि ती कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात शिवणकाम करायची. त्यांची आठ वर्षांची मुलगी ठकी. तिचे पाळण्यातले नाव भारदस्त आहे, पण ते शाळेपुरते. रोज फोन यायचा आणि मी ऐकत बसायचे.

एक वर्ष असे आले की लेकीचा आवाजच बदलू लागला. जड, घोगरा आणि फार सावकाश.

"आवाज का बसलाय गं?" आजी विचारायच्या.

"थंडी आहे इथे."

"झोपेतून उठल्यासारखी बोलतेस."

"झोपूनच उठलेय. आणि परत झोपावंसं वाटतंय."

कधी ती सांगायची, बोटे सुजली आहेत, अंगठी निघत नाही. कधी सांगायची, जेवण तेवढेच आहे पण वजन वाढते आहे, केस मूठ मूठ गळतात, दुकानात सगळे एका सदऱ्यात असताना ही दोन स्वेटर घालून बसते. प्रत्येक गोष्टीला आजींचे एकच उत्तर असे. "तिकडचं हवापाणी मानवलं नाही तुला."

"आजी," ठकी मागून ओरडायची, "माझा गृहपाठ पण हवापाण्यामुळेच राहतो."

सगळे हसायचे. परदेशातल्या माणसाला काहीही झाले की आधी हवेला दोष द्यायचा, मग पाण्याला, मग घरच्या आठवणीला. आपल्याच शरीरात काही बिघडले असेल, हे शेवटी सुचते.

ते सुचले एका गिऱ्हाइकाला. एक नर्सबाई कोटाची बाही तोकडी करून घ्यायला दुकानात आली होती. "मी तिचं माप घेत होते आणि ती माझ्या मानेकडे बघत होती," लेकीने फोनवर सांगितले. "म्हणाली, आधी रक्त तपासून घे." तपासले. आकडा निघाला अडतीस. तो साधारण चारच्या आत हवा होता.

आपल्या गळ्यात, स्वरयंत्राच्या थोडी खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. शरीराच्या चुलीतला जाळ कमी-जास्त करणे हे तिचे काम. ती मंदावली की रक्तातला तो आकडा चढतो आणि सगळा माणूसच मंदावतो. हात, पाय, आतडी, आठवण, अगदी हसूसुद्धा. डॉक्टरांनी लेकीला एक गोळी दिली. तांदळाच्या कणीहून थोडी मोठी, पांढरी. रक्तही कमी भरले, म्हणून लोहाची एक तांबडी गोळी दिली.

हे ऐकल्याबरोबर आजींनी आपल्या गोळ्या वाटीत ओतल्या. मला साबणाने धुतले, उन्हात वाळवले आणि जावयाच्या एका मित्राच्या सामानात ठेवले. सोबत कॅल्शियमची मोठी बाटली. "शिवणकामाने पाठ जाते, हाडं जप," असा निरोप. आणि मला हळूच म्हणाल्या, "लेकीकडे बघ गं."

मी बघणारच होते. माझी छाती अभिमानाने भरून आली होती.

नव्या घरात मला स्वयंपाकघराच्या खिडकीत जागा मिळाली. खाली रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या, समोरच्या भिंतीवर वाळत घातलेली गाद्यांची अभ्री. दर रविवारी ठकी मला टेबलावर घेऊन भरायची. जीभ बाहेर काढून, एकेक गोळी मोजून. आणि स्वतः रचलेले गाणे म्हणायची:

धाकली गं पांढरी, मधली तांबडी,
थोरली खडूची, सोबत केवढी.
सात गं खोल्यांत सात बिछाने,
आईच्या पोटात जा गुमाने.

धाकली, मधली आणि थोरली माझ्या एकेका खणात दाटीवाटीने झोपायच्या. कॅल्शियमच्या थोरलीची पांढरी भुकटी धाकलीच्या अंगावर सांडलेली असायची. मला वाटायचे, काय गोड बहिणी आहेत. सकाळी घरधनीण, म्हणजे आजींची लेक, झाकण उघडायची आणि दुधाच्या घोटाबरोबर तिघींना एकदम गिळायची. आईची शिकवण. एक दिवससुद्धा चुकला नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा छत्तीस.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज," ती म्हणाली. ते खरेच होते. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. आणखी सहा आठवडे गेले. आकडा सदतीस.

त्या दिवसांत घराचे चाक पार रुतले. घरधनिणीने एका गिऱ्हाइकाच्या पाटलोणीचा एकच पाय आखूड केला. दूध उतू जायचे आणि ती समोर उभी राहून बघत असायची. दुकानाच्या मालकिणीने तिचे काम अर्ध्या दिवसावर आणले. नवरा घरी आला की भांडी तशीच, आणि ती खुर्चीत, कोट न काढता.

"तू गोळ्या घेतेस तरी का?" तो एकदा म्हणाला.

तिने मला त्याच्यासमोर ठेवले. शनिवारपर्यंतचे सगळे खण रिकामे.

मित्रांनो, मी साक्ष दिली. माझी साक्ष खरी होती आणि तरी तिचा काही उपयोग नव्हता. खण रिकामे झाले, एवढेच मला ठाऊक. पोटात गेल्यावर बहिणींचे काय झाले, हे डबीला कसे कळावे?

मग तो मंगळवार आला. ठकीला शाळेतून आणायचे होते आणि घरधनीण बसल्या जागी झोपली. ठकी शाळेच्या पायरीवर दोन तास बसली. शिपाईकाकांनी तिला स्वतःची टोपी घातली. शेवटी त्यांनीच फोन केला. बाप दुसऱ्या गावाहून गाडी वळवून आला.

त्या संध्याकाळी तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "मी चार-चार दिवस रस्त्यावर असतो. ठकीला आजीकडे ठेवू या. तू बरी होईपर्यंत."

"मी बघेन तिच्याकडे."

"तुझं तुला होत नाही गं."

तिने आजींना फोन लावला. फोनवर आजी म्हणाल्या, "पाठव माझ्याकडे. मी आहे ना." आणि एका पोरीने आईजवळ राहायचे की नाही, हे तीन मायेच्या माणसांनी तीन वाक्यांत ठरवून टाकले. चौथे माणूस दाराआड उभे होते. त्याला कोणी विचारले नाही.

तिकीट निघाले. जायला नऊ दिवस उरले होते. ठकी म्हणाली, "मी गेल्यावर डबी कोण भरणार? आई, तुला शिकवते." दोघी नवी बाटली आणायला औषधांच्या दुकानात निघाल्या, तेव्हा तिने मलाही पिशवीत घेतले. दुकानाचा म्हातारा औषधवाला चष्मा कपाळावर ठेवून काम करायचा. लोहाच्या गोळ्या किती उरल्या, हे दाखवायला ठकीने मला त्याच्यासमोर उघडले.

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. "ह्या तिन्ही एकत्र घेता?"

"हो. दुधाबरोबर," घरधनीण म्हणाली. तिकडची भाषा तिला कामापुरती येत होती.

 एका पातळ पट्टीने त्याने माझ्या तिरक्या बुधवारातून धाकली बाजूला सरकवली. "हिला एकटीला जाऊ द्यायचं. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. नंतर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. आणि लोह, कॅल्शियम चार तासांनी. ह्या दोघी पोटात तिचे हात धरून ठेवतात. ती रक्तात पोचतच नाही. बाटलीवर लिहिलंय."

बाटलीवर लिहिले होतेच. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, परक्या भाषेत. घरात गोळी आली तेव्हा ती कशी घ्यायची, हे ठाऊक असल्यासारखे सगळे वागले होते. म्हणून कोणी वाचले नाही. डॉक्टरांनी 'रोज घेता ना' विचारले, 'कशाबरोबर घेता' हे विचारायचे राहून गेले.

आणि मी? मी तर त्या तिघींना एकत्र निजवत होते. चार महिने. रोज.

ठकीने सगळे ऐकले होते.  घरी आल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "डबी मी भरायचे."

"ठके."

"मीच भरायचे ना पण."

घरधनिणीचे सुजलेले हात तिला जवळ घेताना पुरत नव्हते. "तू चांगलंच भरलंस गं. चूक आम्हा मोठ्यांची." ठकीने मान हलवली, पण तिला ते पटले नाही. लहान मुलांना असे पटत नाही, मित्रांनो. मी पिशवीत होते, दोघींच्या मध्ये. माझ्या सात झाकणांपैकी एकालाही तोंड नव्हते.

त्या संध्याकाळी घरधनीण नवऱ्याला म्हणाली, "सहा आठवडे थांबू या. आता उतरेल आकडा."

"मागेही सहा आठवडेच म्हणाले होते."

"आता कारण सापडलंय."

"आणि तोवर परत ती पायरीवर बसली तर?" तो डोके धरून बसला. "मला रस्ताभर तेच दिसतं गं. गाडी चालवता येत नाही."

औषधाला आपली चाल असते, तिकिटाला आपली तारीख. नवव्या दिवशी बाप ठकीला पोचवायला गेला.

घरधनीण आता धाकलीची बाटली उशाशी ठेवते. उठल्या उठल्या पाणी, एकटी गोळी. तांबडी दुपारी. कॅल्शियमचे विचारले तर डॉक्टर म्हणाले, त्याची गरजच नाही. सहा आठवड्यांनी आकडा पंधरा झाला. बारा आठवड्यांनी तीन. अंगठी बोटात फिरू लागली. आवाजातली माती धुऊन निघाली. दुकानात पुन्हा पूर्ण दिवसाचे काम मिळाले. माझे काम मात्र संपले. माझ्यात आता बटणे असतात.

आकडा तीन आला त्याच दिवशी तिने फोन लावला. "आई, मी बरी झाले. ठकीला आणायला येतो."

पलीकडून आजी म्हणाल्या, "शाळा आता कुठे रुळलीय तिची. मैत्रिणी झाल्यात. वर्ष मधेच मोडू नका गं, पोरीचे हाल होतील." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मूठभर एकदम घे, हे मीच शिकवलं ना तुला."

"तू काय मुद्दाम केलंस का?" घरधनीण म्हणाली.

नवराही म्हणाला, वर्ष पुरे होऊ दे. तिने कॅलेंडरची पाने उलटली. सात पाने होती.

मित्रांनो, मी साधी प्लॅस्टिकची डबी. माझे कोण ऐकणार? तरी हात जोडून सांगते. तुमच्या घरातले कोणी सारखे थकत असेल, गारठत असेल, विसरत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि हवेलाही शिव्या देऊ नका. रक्त तपासायला सांगा. घरात नवी गोळी आली की ती कधी, कशाबरोबर आणि कोणापासून लांब ठेवायची, हे देणाऱ्याला विचारा. भाषा येत नसेल तर दोनदा विचारा. लाजू नका. आमच्यासारख्या डब्या नेमून दिलेल्या वारी झाकण उघडतात, त्यापलीकडे आम्हाला काही येत नाही.

आज दुपारी घरधनीण ठकीसाठी फ्रॉक बेतायला बसली. माप जुनेच होते, चार महिन्यांपूर्वीचे. तिने टेप कापडावर धरली, सोडली, पुन्हा धरली. ठकी किती वाढली असेल, ते तिला कळेना. मग तिने घेर अंदाजाने कापला, खालच्या दुमडीत चार बोटे कापड जास्त ठेवले आणि शिवायला घेतले.