डोक्याला वस्तरा नको

रसिका चिडली ती त्या केसांवर. कमरेपर्यंत आलेल्या जटा, आणि त्यांच्याखाली कुठेतरी फुटलेलं डोकं. मिरजेत नर्सिंग शिकताना तिनं देवीच्या भीतीनं जट वागवणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, त्यांच्याशी वाद घातले होते. कुवेतला येऊनही तेच वाट्याला आलं म्हणून तिला मनापासून वैताग आला.

माणूस जमैकाचा, नाव डेल्रॉय. कुवेतमधल्याच सलवा भागातल्या एका शाळेत तो फुटबॉल शिकवायचा. समुद्रकाठच्या खैरानहून परतताना त्याची गाडी दुभाजकावर आदळली होती. आला तेव्हा हसून बोलत होता, पण स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्त साठताना दिसलं. डॉ. चंद्रहासांनी लगेच ऑपरेशन ठरवलं आणि रसिकाला त्याचं डोकं भादरायला सांगितलं.

मशीन पाहताच डेल्रॉयनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. ऑपरेशन करा, म्हणाला, पण केसांना पातं लावू देणार नाही. तो रास्ताफारी, म्हणजे जटा राखणाऱ्या जमैकन पंथाचा होता. डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही हे बायबलमधलं व्रत त्यानं तरुणपणीच घेतलं होतं. मांस आणि मीठही त्यानं तेव्हापासूनच सोडलं होतं.

डॉक्टर पुण्याचे, स्पष्ट बोलण्याचा अभिमान बाळगणारे. केस काढले नाहीत तर मरशील, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. डेल्रॉयनं मान भिंतीकडे फिरवली. रसिकानं तेच जरा गोड आवाजात सांगितलं, तर त्यानं डोळेच मिटून घेतले.

मग त्याला उलटी झाली. शब्द जड यायला लागले. डॉक्टरांनी रसिकाला बाहेर बोलावलं.

"बेशुद्ध पडला की संमतीचा प्रश्नच मिटतो. मग सगळं साफ कर."

"म्हणजे तो पडायची वाट बघायची, सर? तोवर मेंदूचं काय होईल?"

ते त्यांनाही कळत होतं, म्हणून तर त्यांचा आवाज चढला होता.

रसिका आत गेली. मरणाचं नाव काढलं की तू तोंड का फिरवतोस, हे तिनं आता कुठे विचारलं.

"आम्ही ते बोलत नाही," तो अडखळत म्हणाला. "बोललं की त्याला बळ मिळतं. आमचा देव जगण्याचा."

रसिकाला आई आठवली. दिवा 'विझव' म्हटलं की आई रागवायची, 'शांत कर' म्हणायला लावायची. घरातलं कुंकू कधी संपायचं नाही, वाढायचं. त्यावरून रसिकानं आईला किती छळलं होतं.

तिनं खुर्ची ओढली. "बरं, मग जगण्याचंच बोलू. उद्या तुला जागं व्हायचंय, पोरांना खेळवायचंय. त्यासाठी मला इथे कानाच्या वर वाट हवी. किती बटा देशील?"

त्यानं डोळे उघडले. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. मेंदूवरचा दाब वाढत होता, पण रसिकानं चेहरा हलू दिला नाही.

त्याचा हात जखमेकडे गेला. चाचपडत त्यानं एकेक बट तिच्या तळव्यात ठेवली आणि थांबला. "एवढ्याच. कात्रीनं. बाकीच्या बांध. कापलेल्या फेकू नकोस." त्यानं कशीबशी सही केली. मग त्याची शुद्ध हरपत गेली.

ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरांनी बांधलेल्या जटांकडे पाहिलं. "आता त्याला काही कळत नाही. सगळं काढ. उद्या इन्फेक्शन झालं तर जबाबदार मी."

रसिकानं मशीन हातात घेतलं नाही. "त्यानं एवढ्यालाच हो म्हटलंय, सर. वाट मी तीनदा धुतलीय, तुम्ही बघा."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग चाकूसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी डेल्रॉय जागा झाला. त्याचा हात आधी पट्टीवर गेला, मग तिच्याखालून लोंबणाऱ्या जटांवर. रसिकानं कापलेल्या बटांची पिशवी त्याच्या छातीवर ठेवली. ते व्रत तिला अजूनही वेडेपणाच वाटत होतं, तरी त्यानं पिशवी कवटाळली तेव्हा तिला रडू आवरलं नाही.

ड्यूटी संपली. निघालीस का, त्यानं विचारलं.

"येते," ती मराठीतच म्हणाली आणि मग त्याला अर्थ सांगितला. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत.

का, असं त्यानं विचारलं नाही.